पाणी बदललं की दोन-तीन चेरी श्रिम्प मरतात: कारण कसं शोधायचं आणि काय करायचं

अ‍ॅक्वेरियमचा टँक दिसायला झकास असतो. मॉस वाढलेलं, झाडांना नवी पानं फुटलेली, रासबोरा माशांचा घोळका मजेत फिरतोय, अमोनियाची टेस्ट शून्य. तरी रविवारी पाणी बदललं की बुधवारपर्यंत दोन-तीन श्रिम्प तळाशी पडलेल्या सापडतात. मग आठवडाभर काही नाही, आणि पुढच्या रविवारनंतर पुन्हा तेच. इथे फक्त याच तक्रारीचा विचार केला आहे. श्रिम्प म्हणजे इथे निओकॅरिडिना ही गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी, लाल चेरी आणि तिच्याच पिवळ्या, निळ्या, नारिंगी जाती. क्रिस्टल किंवा बी श्रिम्पचं पाण्याचं गणित वेगळं असतं, त्यांना खालचे आकडे लावू नका.

अशा वेळी बहुतेक जण टँकमध्ये दोष शोधतात. फिल्टर बदलतात, खत बंद करतात, औषध टाकतात. पण मरण्याचा वार ठरलेला असेल तर दोष बहुधा बादलीत असतो. मुंबई-पुण्याच्या कित्येक सोसायट्यांत नळाला येणारं पाणी कधी कॉर्पोरेशनचं, कधी बोअरचं, कधी टँकरचं, तर कधी सगळ्यांची मिसळ असते. मुंबईच्या तलावांचं किंवा खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, लिटरला मिलिग्रॅममध्ये) बहुतेक वेळा शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी. दख्खनच्या कातळातून उपसलेलं बोअरचं पाणी जड, टीडीएस ५००-७०० सहज. आपण दर आठवड्याला त्याच नळाखाली तीच बादली भरतो, पण आत पडणारं पाणी तेच असेल याची खात्री नाही. माशांना याचं फारसं काही वाटत नाही. श्रिम्पचा मात्र जीव जातो.

मेलेली श्रिम्प फेकण्याआधी नीट बघा

आधी ती मेलेलीच आहे ना, हे बघा. टाकलेली कात पारदर्शक, पोकळ आणि काचेसारखी हलकी असते, आणि पाठीवर डोक्याच्या मागे फाटलेली दिसते. मेलेली श्रिम्प अपारदर्शक, दुधी-गुलाबी होते. उकडल्यासारखी गुलाबी झाली म्हणून ती उष्णतेने मेली असं समजू नका, कशानेही मेली तरी रंग तसाच होतो.

आता भिंगातून किंवा मोबाईलच्या मॅक्रोने डोक्याचं कवच आणि शेपटीचा भाग यांच्यामधली जागा बघा. तिथे चारी बाजूंनी गोल फिरलेला पांढरा पट्टा दिसला, तर ती कात टाकताना अडकून मेली आहे. कात टाकायची वेळ आली की श्रिम्प पाणी शोषून फुगते, जुनं कवच पाठीवर सांध्यापाशी उघडतं आणि एका झटक्यात ती बाहेर पडते. कवच फक्त पाठीवर उघडायला हवं. ते सगळीकडून गोल तुटलं तर पुढचा आणि मागचा तुकडा अंगावरच राहतो, रेटा द्यायला आधार उरत नाही आणि ती त्यातच मरते. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असेल, खाणं निकृष्ट असेल, किंवा पाण्यातले क्षार एकदम बदलल्याने अंग तयार नसतानाच कात टाकावी लागली असेल, तर हे घडतं.

पांढरा पट्टा नसेल तर वेळ बघा. पाणी बदलल्यावर काही तासांतच श्रिम्प वेड्यासारख्या गोल गोल पोहू लागल्या, मग आडव्या पडून पाय झाडू लागल्या आणि बऱ्याचशा एकदम गेल्या, तर ते विष आहे: क्लोरीन, तांबं किंवा कीटकनाशक. एक ते चार दिवसांत एकेक करून गेल्या, तर पाण्याचा झटका, म्हणजे पाण्यातले क्षार एकदम बदलल्याचा धक्का. पाणी बदलण्याशी काही संबंध न ठेवता आठवड्याला एखादी जात असेल, तर कमी जीएच (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप), उन्हाळ्यातली उष्णता, नाहीतर सरळ म्हातारपण. चेरी श्रिम्प साधारण वर्ष-दीड वर्ष जगते, आणि दुकानातून आणलेली मोठी, गडद लाल मादी आणली तेव्हाच अर्धं आयुष्य काढून आलेली असते. सकाळी दिवा लागण्याआधी सगळ्या काठाशी वर आलेल्या दिसल्या तर रात्री ऑक्सिजन कमी पडतोय किंवा झाडांसाठी सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) जास्त होतोय.

माशांकडेही बघा. मासेही वर येऊन तोंड मारत असतील तर क्लोरीन, अमोनिया किंवा ऑक्सिजन. मासे ठणठणीत आणि फक्त श्रिम्प मरताहेत, तर तांबं, कीटकनाशक किंवा जीएच. एवढ्या एका फरकाने शोध निम्म्यावर येतो.

मोजायला काय लागतं

टीडीएस पेन हवंच, आरओवाले वापरतात तेच चालतं. पण ते एकटं पुरत नाही. जीएच आणि केएच (पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेटचं माप) यांची थेंबांची टेस्ट घ्या, ज्यात ५ मिली पाण्यात थेंब टाकत जायचं आणि रंग बदलला की थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे एक डिग्री. पट्टीवरच्या टेस्टचा या कामी उपयोग नाही, तिच्यात ४ आणि ८ यांतला फरक कळत नाही.

टीडीएस पेनवर भरवसा का नाही, याचं उत्तर अनेक सोसायट्यांच्या गच्चीवर किंवा पंपरूममध्ये असतं: सॉफ्टनर प्लांट. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो, पण जीएच शून्याजवळ येतो. पेन ३५० दाखवतं, आपण खूश होतो, आणि श्रिम्पला कवचासाठी काहीच मिळत नाही. हात धुताना साबण लवकर निघत नसेल, बुळबुळीत वाटत असेल, तर वॉचमनला किंवा सेक्रेटरींना विचारा. सॉफ्टनरचं पाणी असेल तर सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनीतून पाणी मिळतंय का बघा. नाहीच मिळालं तर आरओचं पाणी घेऊन त्यात क्षार घाला, त्याची रीत पुढे दिली आहे.

चेरीसाठी हे आकडे धरा: जीएच ६ ते १०, केएच २ ते ६, टीडीएस १८० ते ३००, पीएच ६.८ ते ७.८, तापमान २० ते २६ अंश. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २०-३० च्या आत. टँक यातल्या कुठल्या आकड्यावर आहे यापेक्षा तो त्या आकड्यावर टिकून आहे का, हे महत्त्वाचं. जीएच ११ ला स्थिर असलेल्या टँकमध्ये श्रिम्प पिल्लं देतात आणि ५ ते ९ मध्ये हेलकावे खाणाऱ्या टँकमध्ये मरतात.

झटका किती बसतो, याचा हिशोब

टँकचा टीडीएस २६०, बादलीतल्या कॉर्पोरेशनच्या पाण्याचा ८०. अर्धं पाणी बदललं तर टँक १७० वर येतो, म्हणजे दहा मिनिटांत ९० अंकांची घसरण. तेच १० टक्के बदललं तर २४२, घसरण फक्त १८. माशांच्या टँकची "दर आठवड्याला अर्धं पाणी" ही सवय श्रिम्पच्या टँकमध्ये चालत नाही. आठवड्याला १० ते १५ टक्के पुरे, आणि तेही थेट ओतायचं नाही. बादली टँकच्या वर स्टुलावर ठेवून एअर पंपाच्या बारीक नळीने, गाठ मारून किंवा छोटा व्हॉल्व्ह लावून, तासाभरात सोडा. बादलीतलं आणि टँकमधलं तापमान दोन अंशांच्या आत असू द्या. थंडीत गीझरचं गरम पाणी मिसळू नका, काही गीझरमध्ये आतला भाग तांब्याचा असतो.

आता उलट बाजू. उन्हाळ्यात ४० लिटरच्या टँकमधून रोज एक लिटर पाणी उडून जातं असं धरू. क्षार मागेच राहतात. तुम्ही रोज २०० टीडीएसचं एक लिटर पाणी घालून पातळी भरता, म्हणजे टँकमध्ये रोज ५ अंकांची भर. महिन्यात १५०. मग एक दिवस मोठा पाणीबदल केला की तेच अंक एकदम खाली. म्हणून उडालेलं पाणी फक्त आरओच्या पाण्याने भरा. नळाचं पाणी फक्त बदलण्यासाठी.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. हल्ली घरोघरी "कॉपर" कार्ट्रिज असलेले प्युरिफायर आहेत, जे आरओच्या पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात. माणसाला चालतं ते प्रमाण श्रिम्पला घातक ठरू शकतं. तुमच्या प्युरिफायरमध्ये असं कार्ट्रिज असेल तर ते पाणी टँकला अजिबात वापरू नका. तीच गोष्ट तांब्याच्या हंड्यात किंवा कळशीत रात्रभर ठेवलेल्या पाण्याची, आणि एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याचीही, कारण ते तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या कॉइलवरून येतं. बादली, मग, नळी सगळं प्लास्टिकचं आणि फक्त टँकसाठी राखीव ठेवा. फरशी पुसायच्या बादलीने पाणी बदलू नका, ती कितीही विसळली तरी.

बादली तयार करायची रीत

मऊ पाणी असेल तर, म्हणजे नळाचा जीएच २ आणि केएच १-२, दहा लिटरच्या बादलीसाठी हे घ्या: जिप्सम १.२ ग्रॅम, एप्सम सॉल्ट ०.४५ ग्रॅम, खायचा सोडा ०.६ ग्रॅम. यातून जीएच साधारण ५ ने वाढतो, त्यात ४ कॅल्शियमचे आणि १ मॅग्नेशियमचा, आणि केएच २ ने वाढतो. टीडीएस १४० ते २०० ने चढतो, पेनप्रमाणे थोडा फरक पडेल. स्वतःच्या पाण्यासाठी हिशोब करायचा तर एका लिटरला एक डिग्री जीएच वाढवायला जिप्सम ३१ मिलिग्रॅम किंवा एप्सम ४४ मिलिग्रॅम, आणि एक डिग्री केएच वाढवायला सोडा ३० मिलिग्रॅम लागतो.

हे चमच्याने मोजता येत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावणारा डिजिटल काटा घ्या. जिप्सम म्हणजे शुद्ध कॅल्शियम सल्फेट, खाद्य किंवा लॅब दर्जाचं. शेतीचं जिप्सम नको, त्यात काय काय असतं सांगता येत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस तर नकोच. एप्सम मेडिकलमधलं साधं, सुगंध न घातलेलं. जिप्सम हळू विरघळतं, तळाशी पांढरं बसलेलं दिसलं तर ते अजून विरघळलेलं नाही. एअरस्टोन लावून बादली रात्रभर बुडबुडत ठेवा, सकाळी पाणी स्वच्छ दिसेल. त्यातच क्लोरीनही निघून जाईल.

घाई असेल तर क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट वापरा, म्हणजे दुकानात अँटिक्लोरिन म्हणून मिळतात ते खडे. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम विरघळवून ठेवा, दहा लिटरच्या बादलीला १.५ मिली पुरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात उरलेलं क्लोरीन किमान लिटरला ०.२ मिलिग्रॅम असावं असं आहे, हा डोस त्याच्या दहापट क्लोरीनलाही पुरतो. ती ढील पावसाळ्यासाठी ठेवली आहे. जून-जुलैत धरणात गढूळ पाणी येतं, तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतं, आणि नळ उघडला की वास येतो. शिवाय सोसायटीची टाकी धुतली की ब्लीचिंग पावडर वापरतात. टाकी साफ करणार असल्याची नोटीस लागली की त्या आठवड्यात पाणी बदलू नका. श्रिम्पला एक आठवडा पाणी न बदलल्याने काही होत नाही.

जड पाण्याचं उलट करायचं. बोअरचा टीडीएस ७००, आरओचा ३०, आणि हवा २२०: दहा लिटरमध्ये बोअरचं २.८ लिटर आणि आरओचं ७.२. मिसळल्यावर जीएच मोजा, कारण बोअरच्या टीडीएसमध्ये मीठ आणि नायट्रेटही असू शकतं. नायट्रेट जास्त निघालं तर बोअर सोडूनच द्या आणि पूर्ण आरओत क्षार घाला.

टँकचा जीएच आधीच खूप कमी असेल तर एकदम वर नेऊ नका. टँक ३ ला आणि बादली ७ ला ठेवून १५ टक्के बदललं तर जीएच ०.६ ने वाढतो. हळूहळू महिना-दोन महिन्यांत वर येतो, आणि तो वेग बरोबर आहे.

बादली ठीक असूनही मरत असतील तर

तांब्यानंतर दुसरं मोठं कारण कीटकनाशक. डास पळवणाऱ्या लिक्विडमध्ये आणि झुरळाच्या स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड असतात, आणि श्रिम्प झुरळांसारख्याच संधिपाद असल्याने त्यांच्यावर ते कमालीचे चालतात. हवेतून ते पाण्यात जाण्याचा सोपा रस्ता म्हणजे एअर पंप, जो खोलीतली हवा ओढून थेट टँकमध्ये सोडतो. टँकच्या खोलीत लिक्विड मशीन लावू नका, लावायचंच तर पंप लांब नळीने दुसऱ्या खोलीत ठेवा. पावसाळ्यात कॉर्पोरेशनची धूरफवारणी आली की खिडक्या बंद, टँकवर झाकण आणि पंप तासभर बंद. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर त्यांच्याकडे जेल मागा, फवारणी नको.

नवीन झाडं हाही मोठा रस्ता. नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेल्या झाडांवर फवारणी झालेली असू शकते. अशी झाडं आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून रोज पाणी बदला. कपात येणारी टिश्यू कल्चरची झाडं फक्त जेली धुऊन लावता येतात. पालक, काकडी, दोडका असं बाजारचं काही खायला घालायचं तर मिठाच्या पाण्यात धुवा, काकडी सोला, पालक उकळत्या पाण्यात दोन मिनिटं धरा.

माशांच्या आणि गोगलगायींच्या औषधांच्या बाटल्यांवर कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद, लिहिलेलं असेल तर ते श्रिम्पच्या टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही. पूर्वी कधी त्या टँकमध्ये ते टाकलं असेल तर तळातली वाळू ते धरून ठेवू शकते. झाडांच्या खतात तांबं असतं म्हणून घाबरू नका, नेमून दिलेल्या डोसात ते फारच थोडं असतं.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये खोलीच ३५ अंशांवर जाते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला ७.६. त्यातच श्रिम्पची गरज वाढलेली असते. १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा, कोरड्या हवेत तापमान दोन ते चार अंश उतरतं. कोकणच्या दमट हवेत तेवढं उतरत नाही, तिथे स्पंज फिल्टरला दुसरा एअरस्टोन जोडा. बर्फाच्या पिशव्या सोडू नका, तो पुन्हा झटकाच. सीओटूचा सिलिंडर असेल तर दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद करा.

स्पंज नळाखाली पिळून धुतला तर त्यातले बॅक्टेरिया मरतात आणि दोन-तीन दिवसांनी नायट्राइट चढतं. हीच वेळ पाणीबदलाशी जुळून येते, म्हणून दोष पाण्याला जातो. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा.

पिल्लं दिसत नाहीत पण मोठ्या मरतही नाहीत, तर तो वेगळा प्रश्न आहे. गप्पी, बेट्टा, मोली पिल्लं खातात, एम्बर टेट्रा आणि चिली रासबोराही नुकतं जन्मलेलं पिल्लू सोडत नाहीत. खरोखर निर्धोक म्हणावा असा छोटा मासा म्हणजे ओटोसिन्क्लस. बाकीच्यांबरोबर ठेवायचं तर मॉसचं दाट जाळं हवं. झाडांबरोबर चतुराची अळीही येते, ती मोठ्या श्रिम्पही खाते. सडपातळ शरीर आणि मागे तीन टोकं असलेली ही अळी दिसली की चिमट्याने काढा.

दुरुस्तीनंतर

पाणी जुळवल्यावरही तीन ते पाच आठवडे एखाद-दुसरी मरेल. मोठी श्रिम्प साधारण तेवढ्या दिवसांनी कात टाकते, आणि आधीच्या वाईट पाण्यात बनलेलं कवच आता निघायचं असतं. त्या काळात औषध, नवीन खत, मोठी साफसफाई काही करू नका. निरोगी कात दिसली तर टँकमध्येच राहू द्या, त्या ती खातात. प्रत्येक पाणीबदलाच्या दिवशी बादलीचा आणि टँकचा टीडीएस, जीएच वहीत लिहा, मेलेली सापडली तर तारीख आणि पांढरा पट्टा होता का तेही लिहा.

नवीन श्रिम्प त्यानंतरच आणा, आणि आणल्यावर पिशवीतलं पाणी वाटीत घेऊन टीडीएस मोजा. दुकानाचं पाणी आणि तुमचा टँक यांत १५० अंकांचा फरक असणं नेहमीचं आहे. श्रिम्प पिशवीतल्या पाण्यासकट एका डब्यात ओता, आणि नळीला गाठ मारून सेकंदाला दोन थेंब या वेगाने टँकचं पाणी त्या डब्यात सोडा. दोन तासांनी पुन्हा मोजा. फरक २०-३० च्या आत आला की श्रिम्प जाळीने उचलून टँकमध्ये सोडा आणि डब्यातलं पाणी कुंडीत ओता.